गोल्फच्या डिग्रीवर पारूबाईची सही

मी मूळचा निपाणीचा. १९७४ साली बेळगावजवळच्या एका गोल्फ क्लबात कारकून म्हणून लागलो तेव्हा गोल्फ कशाशी खातात हेही मला ठाऊक नव्हतं. टायपिंग येत होतं आणि मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही लिहिता येत होतं, एवढ्यावर नोकरी मिळाली. मैदान मच्छे गावाच्या वाटेवर माळावर होतं. कॅम्पातले लष्करी अधिकारी, काही कारखानदार आणि दोन-तीन डॉक्टर तिथं खेळायला यायचे. नऊ भोकं आणि त्यांवर नऊ झेंडे. पहिल्या दिवशी मैदान दाखवायला माझ्याबरोबर जी बाई पाठवली ती पारूबाई कांबळे.

तेव्हा ती पस्तिशीची असेल. अंगानं काटक, कमरेला विळा खोचलेला. चालताना ती माझ्याकडं बघतच नव्हती, सगळी नजर जमिनीवर. मध्येच वाकायची, काहीतरी उपटायची आणि न थांबता पुढं चालायची. नवव्या झेंड्यापाशी पोचेपर्यंत तिच्या ओच्यात पसाभर तण जमलं होतं.

तिचा बाप देवाप्पा लष्कराच्या डेअरीला गवत पुरवणाऱ्या ठेकेदाराकडं कापणीला असे. पाचव्या वर्षापासून पारूबाई त्याच्याबरोबर माळानं हिंडली. कोणतं गवत म्हैस आवडीनं खाते, कोणतं कापलं की दुप्पट फुटतं, कोणतं पहिल्यांदा वाळतं, हे तिला शाळेत नाव घालायच्या आधी कळायला लागलं. शाळा दुसरीपर्यंत झाली. लग्न मच्छ्यातल्या सिद्रामशी. तो उद्यमबागेत एका फौंड्रीत साचे भरायचा. एकाहत्तर साली ती मैदानावर तण काढायला लागली, तेही रोजंदारीवर.

झेंड्याभोवतीची जी जागा असते, जिथं चेंडू हळूच ढकलून भोकात घालतात, ती खरं म्हणजे बारीक गवताची हवी. तिला ग्रीन म्हणतात. आमच्याकडं पाणी तुटपुंजं, म्हणून त्या जागी वाळू पसरलेली होती, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यात गाड्यांचं जळकं ऑईल कालवलेलं. त्याला ब्राऊन म्हणायचे. ते कालवायचं काम बायकांचं. ऑईलचा वास हातातनं जायचा नाही, भाकरीला लागायचा. पारूबाईची धाकटी लेक तिच्या हातचा घास तोंडात घ्यायची नाही. "मला ते काळं कालवायचं नव्हतं, दुसरं काय न्हाय," असं तिनं मला नंतर सांगितलं. पुढं जे झालं त्याची सुरुवात एवढ्यावरनं झाली.

बहात्तरच्या दुष्काळात सगळा माळ करपला. ओढ्याच्या कडेला एका ठिकाणी मात्र बारीक पानाची हरळी तग धरून राहिली. पारूबाईच्या ते नजरेत भरलं. सातव्या झेंड्याजवळ पाण्याची टाकी होती, ती पाझरायची. तिनं कुणाला न विचारता त्या ओलीवर हरळीची कांडी आणून लावली. सिद्रामनं फौंड्रीतली टाकून दिलेली चाळण आणून दिली. तिनं वाळू चाळून, पातळ थर देऊन, दगडी रूळ फिरवून ते गवत बसवलं. मी नोकरीला लागलो तेव्हा सातव्यावर खोलीएवढी हिरवी जागा झाली होती. एकोणऐंशीपर्यंत अशा चार झेंड्यांभोवतीच्या जागा हिरव्या झाल्या; त्या जागांनाही आम्ही झेंडेच म्हणायचो. पुण्याहून आलेले पाहुणे त्यांवर हात फिरवून बघायचे. क्लबचे सेक्रेटरी कर्नल सरनोबत त्यांना सांगायचे, आम्ही इथं गवत जमवलं. ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या 'आम्ही'त पारूबाईही होती, फक्त दिसत नव्हती. हजेरीच्या वहीत मी तिच्या नावापुढं दर महिन्याला 'रोजंदारी बाई' असंच लिहायचो.

ऐंशी सालच्या एप्रिलमध्ये कर्नलसाहेबांचा मुलगा हेमंत अमेरिकेतनं आला. तो मामाकडं राहून तिथल्या एका कॉलेजात शिकत होता, आणि त्याची डिग्री गोल्फची होती. गोल्फ खेळायची नव्हे, गोल्फचं मैदान आणि क्लब चालवायची. बेळगावच्या खडेबाजारातल्या आमच्या ओळखीच्या कापडवाल्यानं हे ऐकलं आणि मला दोनदा विचारून खात्री करून घेतली. बी.ए., बी.कॉम. त्याला माहीत होतं. चेंडू मारायच्या मैदानासाठी चार वर्षांचं कॉलेज ही त्याला थट्टाच वाटली. मी हेमंतला विचारलं तर त्यानं मनापासून समजावून सांगितलं. गवत आणि माती, खेळाचे नियम, काठ्या दुरुस्त करणं, नवख्याला शिकवणं, दुकान चालवणं, माणसं सांभाळणं, असे सगळे पेपर होते. शिवाय काही महिने एखाद्या मैदानावर प्रत्यक्ष राबायचं, आणि ज्याच्या हाताखाली राबलो त्यानं एक फॉर्म भरून द्यायचा. तो फॉर्म कॉलेजला गेल्याशिवाय डिग्री नाही. हेमंतनं हे काम आपल्या गावच्या मैदानावर करायची परवानगी मिळवली होती.

मुलगा सरळ होता, पण पुस्तकातनं नुकताच उठून आलेला. पहिल्या आठवड्यातच त्यानं माझ्याकडच्या स्टोअरमधनं सही करून युरियाचं पोतं घेतलं. पंधरवड्यावर लष्कराची कपची मॅच होती आणि सातवा झेंडा त्याला आणखी हिरवा करून दाखवायचा होता. पारूबाईनं त्याला अडवलं.

"धाकले सायेब, चैत्रात त्याला खायला घालू नका," ती म्हणाली. "त्याला आत्ता भूक न्हाय, तहान हाय."

हेमंत हसला. प्रमाण पुस्तकात दिलं होतं, ते त्यानं तंतोतंत मोजलं. ते पुस्तक थंड मुलखातलं होतं, आणि त्या दिवशी टाकीत पाणीही नव्हतं. चौथ्या दिवशी सातवा झेंडा पिवळा पडला, पाचव्या दिवशी तपकिरी.

कर्नलसाहेब सकाळी बघायला आले. गवत करपलं म्हणजे पाणी चुकलं, असं त्यांनी धरलं, आणि पाण्याचं काम पारूबाईकडं होतं. त्यांनी आवाज चढवला नाही. उद्यापासनं येऊ नकोस, एवढंच म्हणाले. पारूबाईनं एकदा हेमंतकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग विळा उचलला आणि चालायला लागली. हेमंत मान खाली घालून उभा होता. मीही गप्प होतो. युरियाच्या नोंदीवर हेमंतची सही माझ्याच कपाटात होती, पण माझी नोकरी टेंपररी होती आणि समोर सेक्रेटरीचा मुलगा होता. त्या दिवसाची मला अजून लाज वाटते.

दोन दिवस हेमंत मैदानावर फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी ऑफिसात आला, आणि दोन मेंबर बसलेले असताना बापाला म्हणाला की गवत त्यानं जाळलं, पारूबाई नको म्हणत असताना.  कर्नलसाहेब ग्लासभर पाणी प्यायले आणि बाहेर निघून गेले. हेमंतनं मला मच्छ्यात तिचं घर दाखवायला सांगितलं. आम्ही दोन सायकलींवरनं गेलो.

पारूबाई दारात बसून उडीद पाखडत होती. तिनं आम्हाला बसायला घोंगडं टाकलं आणि पाखडणं चालूच ठेवलं. हेमंतनं चूक कबूल केली, वडलांना सांगितल्याचं सांगितलं आणि परत यायची विनंती केली.

"नुसतं सायबास्नी सांगितलंत?" तिनं विचारलं.

"दोघं मेंबरही होते."

"आन बायास्नी कोन सांगनार? त्या समजत्यात पारूनं पानी चुकवलं. नऊ वरसं मी त्यास्नी पान्यावरनं बोलत आले."

हे हेमंतच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं. तो म्हणाला, उद्या सांगतो. पारूबाईनं सूप खाली ठेवलं.

"आन हितनं म्होरं सातव्यावर हुकूम माझा ऱ्हाईल. मी कर म्हनलं तर करायचं, थांब म्हनलं तर थांबायचं. चालंल?"

तो व्हय म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारूबाई धरून सहा बायका ओळीनं उभ्या होत्या आणि हेमंत त्यांच्यासमोर बोलत होता. त्याचं मराठी अर्धवट झालं होतं. त्यातल्या दोघींना कन्नडच नीट कळायचं, म्हणून त्याचं प्रत्येक वाक्य मी कन्नडमध्ये सांगत होतो. गवत मी जाळलं, पारूबाईंनी मला थांबवलं होतं, मी ऐकलं नाही.  बायकांतली थोरली जयाबाई पारूबाईजवळ सरकून उभी राहिली. मग सगळ्या कामाला लागल्या.

लष्कराची मॅच सातव्याशेजारी तात्पुरतं वाळूचं ब्राऊन करून पार पडली. इकडं पारूबाईनं हेमंतला कामाला जुंपलं. आधी जमिनीतलं खत धुऊन काढायला पाणी. टाकी पुरेना, म्हणून तो ओढ्यावरनं कावडीनं पाणी आणायचा. त्याच्या खांद्याची सालटी निघाली. मग मेलेलं गवत खरवडून काढलं, पहारीनं वीत-वीत अंतरावर भोकं पाडली, ओढ्याकाठची कांडी पुन्हा लावली, वर चाळलेल्या वाळूचा हात फिरवला. ती त्याला आता अहोजाहो करत नव्हती. "तितं नगं रं, हितं लाव," असं म्हणायची, आणि तो तिला आक्का म्हणायचा. हे कसं आणि कुठल्या दिवशी सुरू झालं ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

एकदा मी कागदावर सही घ्यायला मैदानावर गेलो तेव्हा दोघं पाचव्या झेंड्याजवळ उकिडवी बसली होती. पारूबाई त्याला तहान ओळखायला शिकवत होती. गवतावर पाय देऊन उचलायचा. पाती लगेच उभी राहिली तर पाणी नको. पाऊल उमटून राहिलं तर ताबडतोब द्यायचं. हेमंत ऐकता ऐकता उठला, पळत ऑफिसात गेला आणि आपलं जाडजूड पुस्तक घेऊन आला. त्यात एका पानावर गवतात उमटलेल्या पावलाचा फोटो होता, आणि खाली तीच गोष्ट इंग्रजीत लिहिली होती. मी ती वाचून मराठीत सांगितली. पारूबाईनं पुस्तक मांडीवर घेतलं आणि फोटो खूप वेळ बघितला.

"म्हंजे हे त्यास्नीबी ठावं हाय," ती म्हणाली. तिचा चेहरा खुलला होता. इतकी वर्षं आपण एकटीच काहीतरी करत आलो, ते बरोबर की चूक हे सांगायला कुणी नाही, असं तिला वाटत आलं असावं. त्या दिवसापासनं ती त्याला रोज विचारायची, आज पुस्तकात काय हाय? तो पान उघडून सांगायचा, आणि ती कधी पटतंय म्हणायची, कधी आपल्याकडं हे चालायचं न्हाय म्हणायची. तो दोन्ही वहीत लिहून ठेवायचा.

जुलैअखेर सातवा झेंडा भरून आला. सप्टेंबरात हेमंतला परत जायचं होतं, आणि फॉर्मचा प्रश्न निघाला. कर्नलसाहेबांनी धरलं होतं की सही ते करतील. हेमंतनं सांगितलं की नातेवाइकाची चालत नाही, आणि मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांचीच हवी. कर्नलसाहेबांनी विचारलं, एका रोजंदारीवरच्या बाईची सही अमेरिकेत पाठवणार? हेमंत म्हणाला, हो. बापलेकांत दोन दिवस बोलणं नव्हतं. शेवटी साहेबांनी माझ्याकडं फॉर्म टाकला आणि म्हणाले, भरून घ्या.

फॉर्ममध्ये वीस प्रश्न होते, प्रत्येकाला पाचपैकी मार्क. मी एकेक प्रश्न मराठीत सांगायचो, पारूबाई विचार करून मार्क द्यायची. सकाळी वेळेवर येतो का, याला पाच. मागं न सरता कष्ट करतो का, त्यात पाच. माणसांशी वागणं, चार. 'गवत व माती यांचं ज्ञान' आलं तेव्हा ती तीन म्हणाली. "आलता तवा एक व्हता. आता तीन हाय. आनि एक वरीस ऱ्हायला तर पाच हुईल." शेवटी शेऱ्यासाठी मोकळी जागा होती. तिथं तिनं मला लिहायला सांगितलं की या पोरानं एप्रिलात सांगितलेलं न ऐकता एक झेंडा जाळला, पण चारचौघांत कबूल केलं आणि स्वतःच्या हातानं परत उगवून आणला.

मी कच्चा मजकूर घेऊन टाइप करायला बसलो. कर्नलसाहेब आत आले, वाचलं आणि खुर्चीवर बसले. पोराचं वर्ष जाईल, असं ते हळू आवाजात म्हणाले. शेऱ्यातलं जाळल्याचं वाक्य गाळलं तर कुणाचं काय बिघडतं, असं त्यांनी मला विचारलं. तो हुकूम नव्हता, एका बापाची विनवणी होती. म्हणूनच नाही म्हणणं अवघड गेलं. मी ते वाक्य गाळून टाइप केलं. त्याजागी पोरानं खूप कष्ट घेतले, एवढंच लिहिलं.

दुपारी पारूबाई सहीला आली. साक्षरतेच्या वर्गात ती नाव लिहायला पुन्हा शिकली होती. हात पदराला पुसून तिनं पेन घेतलं आणि मला वाचून दाखवायला सांगितलं. मी इंग्रजीवर नजर ठेवून तिचे सगळे शब्द मराठीत म्हटले, जाळल्याचेही, जणू ते कागदावर होते. तिनं पेन टेकवलं आणि थांबली.

"जाळल्याची वळ कंची, आण्णा? बोट ठिवून दावा."

माझं बोट उठलं नाही. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि पेन टेबलावर ठेवलं. रागावली नाही.

"त्यो पुन्यांदा कुनाचं तरी जाळंल," ती म्हणाली. "त्यास्नी कळू दे, म्हंजे त्याला नीट शिकवतील."

मी कागद फाडला आणि पुन्हा टाइप केला. ती तेवढा वेळ दारात बसून राहिली. 'हुद्दा' या रकान्यात मी 'मैदान-प्रमुख' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द लिहिला, कुणाला न विचारता. मग मी ओळीवर बोट ठेवलं आणि तिनं खाली सावकाश मराठीत सही केली, पारू सिद्राम कांबळे. सहीला दोन-तीन मिनिटं लागली. कर्नलसाहेबांना मी नवा कागद नेऊन दाखवला. त्यांनी तो वाचला आणि हुद्द्याच्या रकान्याशेजारी क्लबचा शिक्का स्वतः मारला.

एक्याऐंशीच्या मार्चमध्ये कॉलेजचं पत्र आलं, मैदान-प्रमुख मिस्टर पी. कांबळे यांच्या नावानं. मी ते मैदानावर नेऊन तिला वाचून दाखवलं, या वेळी ओळीवर बोट ठेवून. हेमंतला गवताचा पेपर पुन्हा द्यायला लावला होता, त्यामुळं त्याची डिग्री सहा महिने लांबली. पण इतका खरा अहवाल आमच्याकडं क्वचित येतो, असं प्राध्यापकांनी लिहिलं होतं, आणि कमी पाण्यात हे गवत कसं जगवता ते कळवाल का, अशी विनंती होती. पारूबाईला सहा महिन्यांचं वाईट वाटलं. पोरगं माझ्यावर रुसलं असंल, असं म्हणाली. मिस्टर म्हटल्याचं मात्र तिला काहीच वाटलं नाही. सिद्रामनं आठवडाभर तिला मिस्टर म्हणून हाक मारली.

हेमंत रुसला नव्हता. त्याचं वेगळं पत्र आलं, त्यात पेपर चांगल्या मार्कांनी सुटल्याचं होतं. आम्ही प्राध्यापकांना उत्तर पाठवलं. तिनं सांगितलं, मी लिहिलं. चार पानं झाली, आणि पहिल्या ओळीतच मी कळवून टाकलं की कांबळे या बाई आहेत.

कॉलेजच्या त्या पत्राची एक प्रत कर्नलसाहेबांनी कमिटीपुढं ठेवली. ते स्वतः बोलले हे मला विशेष वाटलं. परदेशातलं कॉलेज जिला मैदान-प्रमुख म्हणून लिहितं ती आपल्याकडं रोजंदारीवर आहे, हे बरं दिसत नाही, असं ते म्हणाले. दोघांनी विरोध केला. बाईला कायम केलं तर बाकीच्या पाचही मागतील, असं त्यांचं म्हणणं होतं. वर्षभर विषय लोंबकळला आणि ब्याऐंशीत पारूबाई कायम झाली. मैदान-प्रमुख अशी जागाच क्लबात नव्हती, म्हणून माळी या जागेवर घेतली. बाकीच्या पाच जणी रोजंदारीवरच राहिल्या. पारूबाईला कायमच्या नोकरीतलं सगळ्यात काय आवडलं म्हणाल तर रविवारची सुट्टी. अकरा वर्षांत तिला ठरलेली सुट्टी नव्हती. पहिल्या रविवारी तिला घरी करमेना, आणि ती दुपारी मैदानावर येऊन बाहेरच्या कुंपणापाशी बसून गेली.

हेमंत पुढं आखाती देशात एका मैदानावर नोकरीला लागला. तिथं वाळूच वाळू. दर दिवाळीला त्याचं पत्र यायचं, निम्मं घरच्या खुशालीचं आणि निम्मं गवताचं. मी ते वाचून दाखवायचो आणि तिचं उत्तर लिहायचो. एका पत्रात त्यानं लिहिलं होतं की हाताखालच्या माणसांना तो पहिल्यांदा गवतावर पाय द्यायला शिकवतो.

अठ्ठ्याऐंशीत तिचे गुडघे धरले. त्याच सुमारास मैदानाचा एक तुकडा औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यात गेला आणि दोन झेंडे उठले. पारूबाईनं मग नोकरी सोडली. निरोपाच्या दिवशी क्लबनं तिला शाल दिली, कर्नलसाहेब बोलायला उभे राहिले आणि दोन वाक्यं बोलून खाली बसले.

मी तिला शेवटचं भेटलो ते एकोणनव्वदच्या हिवाळ्यात, मच्छ्याच्या शाळेत. हेडमास्तरांनी तिला पोरांच्या खेळायच्या जागेवर गवत लावून मागितलं होतं. निम्मी जागा हिरवी झाली होती. ती हातात काठी घेऊन दगडावर बसली होती, आणि गावातल्या रवळूच्या शेळ्या कुंपणातनं आत घुसत होत्या. मी शेजारी बसलो. गुडघे कसे आहेत विचारलं तर ती म्हणाली, गुडघ्यांचं र्‍हाऊ दे, आदी त्या शेळ्या हाकला. मी उठलो आणि हाकलायला गेलो.